तुम्ही किल्डॉल नाही, सिएटलवाले आहात

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही कळेल. कुपवाड एमआयडीसीतल्या पाच छोट्या कारखानदारांना तुम्ही मोबाइल स्टार्टरचं फर्मवेअर, म्हणजे आतल्या चिपवर चालणारा प्रोग्रॅम, देता. शेतातला पंप मिस्ड कॉलवर चालू-बंद करणारा तो डबा. आतला बूटलोडर (चालू होताच पहिला धावणारा प्रोग्रॅम), छोटासा शेड्युलर (कुठलं काम कधी करायचं ते ठरवणारा) आणि मोडेमवरून नवं फर्मवेअर चढवायची सोय, हे सगळं तुम्ही एकट्याने लिहिलेलं. आता एक मोठी कंपनी ते सगळं, सोर्स आणि हक्कांसकट, एकरकमी १४ लाखांना मागते आहे. कोणत्या मालासाठी हवंय ते सांगत नाही. आधी नऊ पानी गोपनीयता करारावर सही करा म्हणते. आणि तुमचे मामा मागे लागलेत की गॅरी किल्डॉलसारखा वेडेपणा करू नकोस, आयबीएम दारात उभी असताना तो विमान उडवायला गेला आणि बिल गेट्सने घबाड पळवलं.

तुम्ही विचारलंय, ही गोष्ट खरी का, आणि खरी असेल तर लगेच सही करू का?

गोष्ट अर्धीमुर्धी खरी आहे. किल्डॉल म्हणजे सीपी/एम ही छोट्या कॉम्प्युटरची सुरुवातीची ऑपरेटिंग सिस्टिम (मशीन चालवणारा मूळ प्रोग्रॅम) लिहिणारा. आयबीएमला आपल्या पीसीसाठी तशीच सिस्टिम हवी होती, ती शेवटी गेट्सच्या मायक्रोसॉफ्टने दिली. पण तुमच्यापुढचा खरा प्रश्न सही आज करायची की उद्या हा नाहीच. तुमच्या हातात नेमकं काय काय आहे आणि त्यातलं काय विकायचं, हा आहे. हाच प्रश्न किल्डॉललाही पडला होता. त्याचं उत्तर त्याने आयबीएम यायच्या काही वर्षं आधीच, कोड लिहिताना देऊन टाकलं होतं. मामांची गोष्ट तिथपर्यंत पोचत नाही.

माझी ओळख म्हणाल तर १९८६ मध्ये डिप्लोमा करून पुण्यात एका छोट्या युनिटमध्ये लागलो. तिथे झेड-८० प्रोसेसरवर चालणारं एक मशीन होतं, सोबत आठ इंची फ्लॉपीच्या दोन ड्राइव्ह, आणि त्यावर सीपी/एम २.२. ड्राइव्ह फिरायला लागल्या की टेबल थरथरायचं. माझं पहिलं खरं काम म्हणजे तेच सीपी/एम आमच्या स्वतःच्या बोर्डावर चढवणं. त्यानंतरची सगळी वर्षं फर्मवेअरमध्ये गेली, त्यातली बरीचशी स्वतःच्या धंद्यात. किल्डॉलबद्दल मी बोलतो ते थोडंफार वाचून, आणि बरंचसं त्याने आखलेल्या रेषेवर हात काळे करून.

किल्डॉल सिएटलचा, जन्म १९४२. घरची नौकानयनाची शाळा होती, आजोबांपासूनची, आणि हाही तिथे शिकवायचा. गणिताचा मास्तर व्हायचं म्हणून वॉशिंग्टन विद्यापीठात गेला आणि कॉम्प्युटरला चिकटला तो कायमचा. पुढे नौदलाच्या सेवेचा भाग म्हणून कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये शिकवायला आला. तिथे असताना इंटेलच्या ४००४ ची जाहिरात त्याच्या पाहण्यात आली: २५ डॉलरला एक चिप. वडिलांना बोटीची दिशा आणि अंतर काढून देणारं यंत्र हवंच होतं. चिप चालवायला लागणारं बाकीचं सामान नव्हतं, म्हणून याने मोठ्या कॉम्प्युटरवर ४००४ चा सिम्युलेटर, म्हणजे चिपची नक्कल करणारा प्रोग्रॅम, लिहिला आणि त्यावर त्रिकोणमितीचे प्रोग्रॅम चालवले. त्यातून इंटेलमध्ये आठवड्यातून एक दिवस सल्लागाराचं काम मिळालं. १९७३ मध्ये त्यांच्यासाठी त्याने पीएल/एम केली, मायक्रोप्रोसेसरसाठीची पहिली उच्चस्तरीय भाषा.

सीपी/एमची सुरुवात १९७४ ची. शुगार्ट कंपनीची एक फ्लॉपी ड्राइव्ह त्याने पैदा केली, पण ती चालवायचा कंट्रोलर काही केल्या जमेना. शेवटी जॉन टोरोडे या मित्राने बोर्ड बनवून दिला आणि पॅसिफिक ग्रोव्हमधल्या घरामागच्या शेडमध्ये गंगेत घोडं न्हालं. इंटेलने भाषा घेतली, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्यांना रस नव्हता. मग गॅरी आणि त्याची बायको डॉरोथी मॅकएवन यांनी घरातूनच कंपनी काढली: इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. नुसतं 'डिजिटल रिसर्च' हे नाव आधीच कोणी घेतलेलं होतं म्हणून नावाआधी ते भारदस्त बिरूद लावलं. नाव मोकळं झाल्यावर काढून टाकलं.

आता जरा हळू जातो, कारण तुमच्या कामाचं इथे आहे. सुरुवातीचं सीपी/एम प्रत्येक नव्या डिस्क कंट्रोलरवर न्यायचं म्हणजे आतला कोड पुन्हा उसवायला लागायचा. इम्साई कंपनीला इंटेलच्या ८०८० चिपवरच्या आपल्या मशीनसाठी ते हवं होतं आणि त्यांच्या ग्लेन इविंगने विचारणा केली, तोवर किल्डॉल या उसवाउसवीला कंटाळला होता. त्याने हार्डवेअरला हात लावणारा सगळा भाग वेगळा काढला आणि त्याला बायोस म्हटलं. फायली, डिरेक्टरी, कुठल्या ब्लॉकमध्ये काय ठेवलंय हा हिशेब बीडॉस नावाच्या दुसऱ्या भागात ठेवला. दोघांच्या मधे उड्यांचा एक तक्ता, कुठल्या कामासाठी बायोसमध्ये कुठे उडी मारायची ते सांगणारा. बायोस ज्याचं त्याने लिहावं, बीडॉसला कोणी हात लावायचा नाही.

आवृत्ती २.२ मध्ये या तक्त्यात १७ नोंदी होत्या. कळ दाबलीय का, अक्षर आण, अक्षर दाखव, ड्राइव्ह निवड, ट्रॅकवर जा, सेक्टर लाव, मेमरीतला पत्ता घे, वाच, लिही, वगैरे. मी त्या एकेक करून लिहिल्या. शेवटची नोंद सेक्टरचा क्रम बदलून देणारी. तेव्हाच्या आठ इंची फ्लॉपीवर ७७ ट्रॅक, म्हणजे गोल पट्टे, प्रत्येकावर १२८ बाइटचे २६ सेक्टर, म्हणजे तुकडे. एक सेक्टर वाचून प्रोसेसर त्याची उस्तवार करेपर्यंत पुढचा सेक्टर हेडखालून निघून जायचा आणि अख्खा फेरा वाट बघायला लागायची. म्हणून १ नंतर ७, मग १३, १९, २५, मग ५, असे सहा-सहाच्या उडीने सेक्टर वापरायचे. मी शहाणपणा करून तो तक्ता गाळला आणि सरळ क्रम ठेवला. माझ्या बोर्डावर सगळं चालायचं, रडत-रखडत. शेजारच्या मशीनची फ्लॉपी घातली की मात्र डिरेक्टरीच्या जागी कचरा. चार दिवस मी कंट्रोलरच्या चिपला शिव्या घालत होतो.

सांगायचं हे की, त्या चार दिवसांत काय किंवा नंतर काय, बीडॉसचा सोर्स मला कधी लागला नाही. कोणी दाखवलाही नाही. पुण्यातला एक नवशिका पोरगा पॅसिफिक ग्रोव्हमधल्या कोणालाही एक पत्र न लिहिता त्यांची सिस्टिम स्वतःच्या बोर्डावर उभी करू शकला, ती बायोस आणि बीडॉसमधल्या त्या रेघेमुळे. आणि धंदाही त्याच रेघेवर उभा होता. इम्साईने १९७७ मध्ये २५,००० डॉलर एकरकमी देऊन परवाना घेतला. सौदा केला सीमोर रुबिनस्टीनने, ज्याने पुढे वर्डस्टार हा वर्ड-प्रोसेसर काढणारी कंपनी स्थापन केली. रक्कम एकरकमीच होती, पण विकलेला होता तो परवाना, तोही फक्त इम्साईला नव्हे. तीच बीडॉस किल्डॉल उद्या दुसऱ्याला द्यायला मोकळा होता, आणि देत राहिला. १९८१ च्या सुमारास सीपी/एम ३,००० प्रकारच्या मशीनवर चालत होतं आणि डिजिटल रिसर्चची उलाढाल वर्षाला ५४ लाख डॉलरवर गेली होती.

कोडमधली रेघ जिथे असते तिथूनच कराराची रेघ जाते. तुमच्या सौद्याबद्दल माझं जे काही म्हणणं आहे ते या एका वाक्यात आहे. बाकीचं त्याचं स्पष्टीकरण.

आता मामांचं विमान. १९८० च्या उन्हाळ्यात आयबीएमची माणसं खरोखरच पॅसिफिक ग्रोव्हला आली, आणि सकाळी गॅरी खरोखरच स्वतःच्या विमानात होता. पण मौजेसाठी नाही. ओकलंडकडे बिल गॉडबाउट नावाचे एक गिऱ्हाईक होते, त्यांच्याकडे धंद्याच्या कामाला गेला होता आणि दुपारी परतला. परवान्यांचे करार एरवीही डॉरोथीच बघायची, त्यामुळे बैठकीला ती बसणार हे ठरलेलंच. आयबीएमने समोर ठेवलेला गोपनीयता करार एकतर्फी होता: आम्ही सांगू ते तुम्ही कुठे बोलायचं नाही, तुम्ही सांगाल त्याची जबाबदारी आमच्यावर नाही. तिने तो वकिलाला दाखवला आणि सहीला नकार दिला. दुपारनंतर काय झालं याच्या आठवणी त्या खोलीत असलेल्या माणसांच्याच जुळत नाहीत. किल्डॉल म्हणायचा मी भेटलो, आयबीएमचे जॅक सॅम्स म्हणायचे आमची भेट झालीच नाही.

एकतर्फी करार वकिलाला न दाखवता सही करणारी बाई शहाणी ठरली असती का? मला नाही वाटत. चाळीस-पंचेचाळीस वर्षं लोक तिच्यावर आणि त्या विमानावर खापर फोडतायत, कारण गोष्ट सांगायला सोपी जाते. घोडं पेंड खात होतं दोन वेगळ्याच ठिकाणी. एक म्हणजे पैशाची रीत: आयबीएमला एकरकमी व्यवहार हवा होता, किल्डॉलला प्रतीमागे रॉयल्टी. दुसरं, आणि माझ्या मते जास्त महागात पडलेलं, म्हणजे उशीर. इंटेलची ८०८६ चिप १९७८ मध्ये बाजारात आली. तिच्यासाठीचं सीपी/एम-८६ १९८० उजाडून अर्धं सरलं तरी तयार नव्हतं. ज्यांचे ८०८६ चे बोर्ड तयार होऊन पडले होते ते किती दिवस वाट बघणार?

असेच एक थांबलेले होते सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्सवाले. त्यांचा टिम पॅटरसन हा तरुण इंजिनिअर अखेर स्वतःच लिहायला बसला आणि काही महिन्यांत एक ऑपरेटिंग सिस्टिम उभी केली. तिचं पहिलं नाव क्यूडॉस, म्हणजे घाईघाईत उरकलेली, नंतर ८६-डॉस. सीपी/एमवरचे प्रोग्रॅम सहज वळवून घेता यावेत म्हणून त्याने वरची बाजू, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सिस्टिमला हाक मारतात ती, तशीच्या तशी ठेवली. तुम्ही कॉलेजात ८०८६ चं लॅब केलं असेल तर हे तुमच्या बोटांना माहीत आहे. एएच या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात) ०९, डीएक्समध्ये मेसेजचा पत्ता, मग इंट २१, म्हणजे सिस्टिमला हाक. मेसेजच्या शेवटी डॉलरचं चिन्ह विसरलात की स्क्रीनभर कचरा. ते डॉलर आलं सीपी/एममधून. तिथे सी रजिस्टरमध्ये ९, डीईमध्ये पत्ता, आणि पत्ता ५ वर कॉल. छापणं थांबायचं डॉलरपाशीच. अक्षर वाचायला १, दाखवायला २, अख्खी ओळ घ्यायला १०, हे आकडेही तेच. ८०८० चं डीई ८०८६ वर डीएक्स होतं, एवढाच फरक. कॉम प्रोग्रॅम हेक्स १०० पासून सुरू होतो, कमांडची शेपटी (कमांडच्या नावापुढे टाइप केलेलं) हेक्स ८० वर सापडते, हेही सीपी/एमचंच घर, नवा रंग दिलेलं.

पण याला सरळ चोरी म्हणणाऱ्यांत मी नाही. डिस्कवर फायली ठेवायची रीत पॅटरसनने वेगळी घेतली, मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमधली फॅट, म्हणजे कुठली फाइल कुठल्या जागांत आहे याचा तक्ता. ती काही बाबतीत सरसही होती. सीपी/एमला फाइलची लांबी १२८ बाइटच्या पटीतच कळायची, म्हणून मजकूर कुठे संपला हे सांगायला कंट्रोल-झेडची खूण ठेवायला लागायची. डॉसला नेमके बाइट माहीत असायचे. आणि किल्डॉलनेही पिप (फायली कॉपी करणारा प्रोग्रॅम), डीडीटी (कोडमधले दोष शोधणारा) ही नावं डेक कंपनीच्या मोठ्या मशीनवरूनच उचलली होती. सॉफ्टवेअरवर कॉपीराइट लागतो हे अमेरिकेच्या कायद्यात तेव्हा, १९८० मध्येच, कुठे स्पष्ट होत होतं. आणि नुसती वरची बाजू, म्हणजे हाकांचे आकडे, कोणाच्या मालकीचे असू शकतात का, हे तर फारच पुढचं.

किल्डॉलला ज्या रेघेने पैसा दिला तिचीच ही दुसरी बाजू. बीडॉसचं पोट झाकलेलं होतं, पण तिचा चेहरा मॅन्युअलमध्ये छापलेला होता. चेहरा बघून कोणीही नवं पोट घडवू शकत होतं. तुमच्या स्टार्टरचंही तसंच आहे. डीलर आणि शेतकरी ज्या एसएमएस कमांड पाठ म्हणतात तो तुमचा चेहरा. त्या मोठ्या कंपनीने तीन इंजिनिअर सहा महिने बसवले तर बाकीचं त्यांनाही लिहिता येईल. ते १४ लाख का देतायत, याचा हिशेब तिथून सुरू करा. त्यांना कोड हवाय त्यापेक्षा ते सहा महिने हवे असतील, आणि शेतात पाच पावसाळे काढलेला कोड हवा असेल. वीज जाते-येते, व्होल्टेज कुठल्या कुठे असतं, मोडेम मधेच गप्प होतो, या सगळ्यातून तो गेलाय. नवं लिहिलेलं फर्मवेअर या परीक्षेत पहिल्या वर्षी नापास होतं.

आता शीर्षकाकडे येतो. मायक्रोसॉफ्टने १९८० च्या डिसेंबरमध्ये ८६-डॉसचा परवाना २५,००० डॉलरला घेतला. पुढच्या जुलैमध्ये सगळे हक्क आणखी ५०,००० ला विकत घेतले. आपलं खरं गिऱ्हाईक आयबीएम आहे, हे पहिल्या सौद्याच्या वेळी सिएटलवाल्यांना सांगितलेलं नव्हतं. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसी बाजारात आला. इकडे मायक्रोसॉफ्टने आयबीएमशी करार करताना तीच डॉस इतरांना विकायचा हक्क स्वतःकडे ठेवला होता. म्हणजे किल्डॉलने इम्साईशी केलं तेच. पुढे पीसीसारखी मशीन काढणाऱ्या प्रत्येकाला ती लागली. किल्डॉलने तक्रार केल्यावर आयबीएमने सीपी/एम-८६ सुद्धा विकायला ठेवलं, पण ते २४० डॉलरला आणि शेजारी पीसी-डॉस, म्हणजे आयबीएमच्या नावाने तीच डॉस, ४० ला. फळीवर दोन्ही डबे शेजारी, तुम्ही कुठला उचलला असता?

तुमच्यासमोरचा प्रस्ताव पुन्हा वाचा. एकरकमी, सगळे हक्क, आणि कोणासाठी ते गुलदस्त्यात. यात तुम्ही किल्डॉल कुठे आहात? तुम्ही सिएटलवाले आहात. आवळा देऊन कोहळा काढायचा बेत असेलच असं मी म्हणत नाही, पण आवळा कुठला आणि कोहळा कुठला हे तुम्हाला दिसत नाहीये हे नक्की.

मात्र सिएटलवाल्यांनी एक काम चोख केलं होतं, आणि ते मामांच्या गोष्टीत नाही. हक्क विकताना त्यांनी स्वतःच्या हार्डवेअरबरोबर डॉस विनारॉयल्टी विकत राहायचा परवाना परत मागून घेतला होता. पुढे त्यांचा धंदा बसला, पण ते कलम शाबूत होतं. त्यावरून मायक्रोसॉफ्टशी भांडण कोर्टात गेलं आणि १९८६ मध्ये ९,२५,००० डॉलरवर मिटलं. विक्रीच्या वेळी मिळालेल्या ५०,००० च्या साडेअठरापट, एका राखून ठेवलेल्या कलमाला.

माझी स्वतःची चूक याच्या नेमकी उलट होती. १९९८ च्या आसपास मी एका कंपनीला वजनकाट्याचं फर्मवेअर एकरकमी विकलं. नाव नको. करारात 'आणि त्यावरून घडवलेलं सर्व काही' असे चार-पाच शब्द होते. ईईप्रॉमच्या (वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या चिपच्या) त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा लिहून ती झिजू नये म्हणून मी एक छोटं रुटीन लिहिलं होतं, जेमतेम दोनशे ओळींचं, आणि ते माझ्या प्रत्येक कामात असायचं. पुढच्या गिऱ्हाइकाला माल दिला आणि आधीच्या कंपनीची नोटीस आली. त्यांचं म्हणणं कागदावर बरोबर होतं. माझीच दोनशे ओळींची वस्तू मी रात्री बसून वेगळ्या पद्धतीने पुन्हा लिहिली, आणि लिहिताना प्रत्येक ओळीला वाटत होतं की हे आधीसारखं तर होत नाही ना. त्यानंतर मी प्रत्येक प्रोजेक्टच्या दोन डिरेक्टऱ्या करतो. एक माझा गाभा, दुसरी त्या गिऱ्हाइकाच्या बोर्डाची आणि त्याच्या वापराची. दुसरी मी हक्कांसकट विकतो, खुशीने. पहिलीचा फक्त परवाना देतो. भिंत किल्डॉलची आहे, मी फक्त ती करारात उतरवली.

तुम्ही काय करावं हे तुमच्या परिस्थितीवर आहे, आणि ती मला पूर्ण माहीत नाही. काही गोष्टी आधी तपासा. यातला काही कोड तुम्ही नोकरीत असताना, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिला होता का? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅम साहित्यकृती धरला जातो, आणि कलम १७ प्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, नोकरीच्या कामात लिहिलेल्याची पहिली मालकी मालकाची. तसं असेल तर विकायला तुमच्याकडे काही नाहीच, आधी ते निस्तरा. चिप बनवणाऱ्या कंपनीची लायब्ररी किंवा जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याखालचा एखादा तुकडा आत आहे का? असेल तर 'सर्व माझं' असं लिहून देऊ नका. आणि कुपवाडच्या पाच जणांना तुम्ही काय शब्द दिलाय, तोंडी का होईना? हक्क विकल्यावर त्यांच्या डब्यातला दोष दुरुस्त करायलाही तुम्हाला दुसऱ्याची परवानगी लागेल. येत्या हंगामात त्यांचे फोन तुम्हालाच येणार आहेत.

घरात आजारपण असेल, कर्ज असेल आणि १४ लाख आज लागत असतील, तर विका. मी तरी नाकं मुरडणार नाही. पण तेव्हाही परतीचा परवाना मागा: मी आजवर ज्यांना देत आलो त्यांना, आणि पंप सोडून इतर वापरांसाठी, हा कोड मला कायम वापरता येईल. मोठ्या कंपन्यांचे वकील याला वाटतं तितका विरोध करत नाहीत. त्यांना भीती असते ती तुम्ही त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला विकाल याची. ती भीती दोन-तीन प्रतिस्पर्ध्यांची नावं करारात घालून मिटवता येते.

पैशाची घाई नसेल तर मी उलटा प्रस्ताव ठेवीन. त्यांच्या बोर्डापुरतं सगळं विकत घ्या, हक्कांसकट. गाभ्याचा परवाना घ्या, कायमचा, हवं तर वाढीव रकमेवर, पण फक्त तुम्हालाच असा नाही. रॉयल्टीच्या मागे मात्र लागू नका. किल्डॉलच्या काळी प्रतीमागे पैसे मिळायचे कारण प्रती मोजता यायच्या. तुमच्या गिऱ्हाइकाने किती डबे विकले हे तुम्ही मोजणार कसे? रॉयल्टीचे दोन करार मी केले, दोन्ही वेळा पहिल्या वर्षानंतर हिशेब यायचा थांबला आणि मागायची मलाच लाज वाटायला लागली. त्यापेक्षा वर्षाला ठरावीक रकमेची देखभाल लिहून घ्या.

गोपनीयता कराराला घाबरू नका, पण तो दोन्ही बाजूंना बांधणारा करून मागा. त्याला मुदत असू दे, तीन वर्षं रास्त. आणि 'या करारापूर्वी मला माहीत असलेलं आणि मी लिहिलेलं यात येत नाही' हे वाक्य घालून घ्या. त्या वाक्याला ते नाही म्हणाले, तर त्यांना काय हवंय ते तुम्हाला न विचारताच कळेल. हक्क सोपवण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर कलम १९ ती पाच वर्षांची धरतं, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. पण ते लिहिणारच, 'कायमचे आणि जगभर', त्यामुळे यावर विसंबू नका. सांगलीत-कोल्हापुरात बौद्धिक संपदेचं काम करणारा वकील गाठा. चेक-बाउन्सवाला नको. चार पैसे जातील.

तुम्ही शेवटी विचारलंय की किल्डॉलचं करिअर त्या एका दिवसाने वाया गेलं का. अजिबात नाही, आणि हे मला जरा आग्रहाने सांगायचंय. त्याने १९७३ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधातली, प्रोग्रॅमच्या प्रत्येक बिंदूपाशी काय खात्रीने माहीत आहे हे जाळीसारख्या गणिती रचनेवरून पुन्हा पुन्हा काढत, काही बदलेनासं होईपर्यंत जायचं, ही पद्धत कंपायलर (लिहिलेला कोड चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) शिकणारा प्रत्येक जण आजही त्याच्या नावाने शिकतो. डेटा-फ्लो विश्लेषणाच्या याच क्षेत्रात आपल्याकडे पवईला, आयआयटी मुंबईत, धनंजय ढमढेरे आणि उदय खेडकर यांनी वर्षानुवर्षं काम केलं. तुमचा कंपायलर तुमच्या स्टार्टरच्या कोडमधून निरुपयोगी ओळी काढून तो चिपच्या छोट्या फ्लॅश मेमरीत बसवतो, त्यामागे हीच विचारांची परंपरा आहे. नंतर डिजिटल रिसर्चने जेम ही खिडक्या-चित्रांची सिस्टिम काढली, डीआर-डॉस ही स्वतःची डॉस काढली. १९८५ मध्ये किल्डॉलच्या दुसऱ्या कंपनीने ग्रोलियरचा विश्वकोश सीडी-रॉमवर आणला. बरीच वर्षं तो टीव्हीवर कॉम्प्युटरबद्दलच्या एका कार्यक्रमात सहसूत्रधार होता. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीने विकत घेतली. तीन वर्षांनी डोक्याला झालेल्या दुखापतीने मॉन्टेरेत तो गेला, वय ५२. शेवटची वर्षं सुखाची नव्हती, आणि जो तो भेटल्यावर विमानाबद्दलच विचारतो याचा त्याला मनस्वी त्रास व्हायचा.

तर आजचं काम असं. कंपनीच्या खरेदी विभागाला दोन ओळींची मेल टाका: वस्तू कशासाठी हवी आहे आणि वर्षाला साधारण किती नग, एवढं कळल्याशिवाय मला किंमत सांगता येत नाही. सही त्यानंतर. तोवर रिकाम्या वेळात तुमचा कोड दोन डिरेक्टऱ्यांत वाटून बघा. बूटलोडर पूर्णपणे गाभ्याच्या बाजूला जातो का, ते आधी बघा. माझा अंदाज आहे, मोडेमचा ड्रायव्हर तिथे अडकेल.